अँटिजेन-अँटिबॉडी चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेरॉलॉजीच्या (रक्तातल्या अँटिजेन-अँटिबॉडी तपासण्याच्या) टेबलावर नव्याने बसलेले तंत्रज्ञ, परीक्षेच्या तोंडावर आलेले विद्यार्थी आणि हातात रिपोर्ट घेऊन गोंधळलेली माणसे, या तिघांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, अपवाद पुढे येतात. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. किती थेंब आणि किती मिनिटे हे मात्र ज्या त्या किटच्या माहितीपत्रकातच पाहायचे. एका किटची सवय दुसऱ्या किटला लावू नये.

१. अँटिजेन म्हणजे काय आणि अँटिबॉडी म्हणजे काय?

शरीराची प्रतिकारयंत्रणा ज्याला ओळखते तो अँटिजेन (प्रतिजन), आणि त्याला पकडण्यासाठी बी पेशींच्या वंशातल्या प्लाझ्मा पेशी जे प्रथिन तयार करतात ती अँटिबॉडी (प्रतिपिंड). अँटिबॉडी सबंध अँटिजेनला धरत नाही. त्याच्या पृष्ठभागावरच्या एका छोट्या भागाला धरते. त्या भागाला एपिटोप म्हणतात. एका जंतूवर असे अनेक एपिटोप असतात, आणि पुढच्या निम्म्या भानगडी त्यातूनच निघतात.

२. त्या एकमेकांना चिकटतात म्हणजे रासायनिक अभिक्रिया होते का?

नाही, नवे सहसंयुज बंध तयार होत नाहीत. हायड्रोजन बंध, विद्युतभारांचे आकर्षण, व्हॅन डर वाल्स बल आणि पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या भागांची जवळीक, अशी चार दुबळी बले एकत्र येऊन ही पकड तयार होते. ही बले अगदी कमी अंतरावरच काम करतात, म्हणून दोन्ही पृष्ठभागांचे आकार एकमेकांत नीट बसावे लागतात. नेमकेपणा येतो तो तिथूनच.

बंध दुबळे असल्यामुळे ते सुटूही शकतात. एका एपिटोपवर अँटिबॉडीच्या एका हाताची पकड किती घट्ट, ती अॅफिनिटी. सगळ्या हातांची मिळून होणारी पकड म्हणजे अॅव्हिडिटी. अँटिबॉडींचे वेगवेगळे वर्ग असतात. त्यांतल्या आयजीजीला दोन हात असतात. आयजीएम पाच घटकांचा असल्यामुळे त्याला दहा असतात. म्हणून आयजीएमचा एकेक हात सैल असला तरी एकूण पकड चांगली राहते. आम्ल द्रावणाने लाल पेशींवरच्या अँटिबॉडी सोडवून घेता येतात, त्याला इल्यूशन म्हणतात. तेही हा बंध उलटणारा असल्यामुळेच शक्य होते.

३. हा बंध तर डोळ्यांना दिसत नाही. मग चाचणीत आपण पाहतो काय?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. बंध जुळणे ही एक गोष्ट आणि तो दिसणे ही दुसरी. जुळायला फार वेळ लागत नाही. दिसण्यासाठी मात्र काहीतरी घडवून आणावे लागते.

एक मार्ग म्हणजे जुळणीचा परिणाम पाहायचा. विरघळलेला अँटिजेन गाळ होऊन खाली बसतो, पेशींचे गोळे होतात, किंवा कॉम्प्लिमेंट (रक्तातल्या बचाव-प्रथिनांचा संच) जागा होऊन लाल पेशी फुटतात. ग्रुबर आणि डरहॅम यांनी जंतूंचे गोळे होताना १८९६ मध्ये पाहिले, विडालने त्याच वर्षी ते निदानासाठी वापरले, आणि १८९७ मध्ये क्राउसने गाळ बसण्याची प्रक्रिया नोंदवली. दुसरा मार्ग म्हणजे जोडीतल्या एकाला खूण बांधायची. कून्सने १९४१ मध्ये चमकणारा रंग बांधला. यालो आणि बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास इन्सुलिन मोजण्यासाठी किरणोत्सारी आयोडीन वापरले. १९७१ पासून एंझाइम आले.

निगेटिव्ह रिपोर्टचे अर्थ त्यामुळे दोन होतात: बंध जुळलाच नाही, किंवा जुळला पण दिसला नाही. प्रश्न ५, ६, ९ आणि १० हे सगळे दुसऱ्या प्रकाराचे आहेत.

४. प्रेसिपिटेशन आणि ॲग्लुटिनेशन यांत नेमका फरक काय?

अँटिजेन विरघळलेला असेल तर गाळ बसतो, ते प्रेसिपिटेशन. अँटिजेन पेशीवर किंवा कणावर असेल तर गोळे होतात, ते ॲग्लुटिनेशन. गोळे दिसायला अँटिबॉडी बऱ्याच कमी लागतात, कारण मोठा कण आधीच तयार असतो, अँटिबॉडीने फक्त पूल बांधायचा असतो. म्हणूनच विरघळणारा अँटिजेन लॅटेक्सच्या मण्यांवर चढवून त्याची ॲग्लुटिनेशन चाचणी करून घेतात. सीआरपी (दाह झाला की वाढणारे प्रथिन) आणि आरए फॅक्टर (संधिवातात सापडणारी अँटिबॉडी) यांच्या स्लाइड चाचण्या याच जातीच्या. आरपीआर या सिफिलिसच्या चाचणीत दिसणारे काळे कण कोळशाचे असतात. ते अभिक्रियेत भाग घेत नाहीत, गाळ डोळ्यांना दिसावा एवढ्यासाठीच घातलेले असतात.

५. सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) जास्त घातले तर रिॲक्शन ठळक यायला हवी. आमच्याकडे पहिल्या ट्यूब निगेटिव्ह आणि पुढच्या पॉझिटिव्ह आल्या. ट्यूब उलट्या लागल्या का?

तेवढे तपासून पाहा, पण बहुधा नाही. हा प्रोझोन आहे.

हायडेलबर्गर आणि केंडॉल यांनी १९३० च्या आसपास एक सरळ प्रयोग केला. अँटिबॉडीचे प्रमाण कायम ठेवून अँटिजेन वाढवत नेला आणि प्रत्येक ट्यूबमधला गाळ मोजला. गाळ आधी वाढत गेला, एका टप्प्यावर सर्वाधिक झाला आणि नंतर कमी होत गेला. याचे कारण मॅरॅकने १९३४ मध्ये मांडलेल्या जाळीच्या कल्पनेत आहे. गाळ बसायचा तर अँटिबॉडीच्या एका हाताने एक अँटिजेन आणि दुसऱ्या हाताने दुसरा अँटिजेन धरून जाळे विणले गेले पाहिजे. अँटिबॉडी फार झाल्या की प्रत्येक एपिटोपवर वेगळी अँटिबॉडी बसते आणि तिचा दुसरा हात रिकामा लटकत राहतो. बंध भरपूर जुळतात, पूल एकही होत नाही. अँटिजेन फार झाला तरी तेच होते. प्रत्येक अँटिबॉडीचे दोन्ही हात भरतात, पण तिच्या अँटिजेनला धरायला दुसरी अँटिबॉडी उरत नाही. त्याला पोस्टझोन म्हणतात. मधल्या समतोलाच्या पट्ट्यातच जाळे नीट विणले जाते.

टेबलावर याचा अर्थ असा की घट्ट सिरमची निगेटिव्ह स्लाइड हा शेवटचा शब्द नसतो. दुय्यम अवस्थेतल्या सिफिलिसमध्ये अँटिबॉडी इतक्या असू शकतात की व्हीडीआरएल किंवा आरपीआर न विरळलेल्या सिरमवर निगेटिव्ह येते. ब्रुसेला या जंतूसाठीच्या ट्यूब चाचणीतही हे वारंवार दिसते. लक्षणे बोलत असतील आणि स्लाइड गप्प असेल, किंवा रिॲक्शन धड निगेटिव्ह नाही अशी खरखरीत वाटत असेल, तर सिरम विरळ करून पुन्हा लावा. वेळ कमी आहे म्हणून ट्यूबची रांग १:२० आणि १:४० वरच थांबवणारे नेमके याच ठिकाणी फसतात.

६. हुक इफेक्ट म्हणजे प्रोझोनच का?

चुलत भाऊ म्हणा. सँडविच चाचणीत एक अँटिबॉडी अँटिजेनला पृष्ठभागावर पकडते आणि दुसरी, खूण बांधलेली, त्यावर येऊन बसते. अँटिजेन बेसुमार असला तर तो दोघींना वेगवेगळे गुंतवून ठेवतो, सँडविच तयारच होत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. मोलर गर्भधारणेत (गर्भाऐवजी नाळेच्या ऊतीची असामान्य वाढ) एचसीजी हे गर्भधारणेचे संप्रेरक प्रचंड असते, तरी लघवीची चाचणी निगेटिव्ह किंवा अगदी फिकट येऊ शकते, ती यामुळे. नमुना विरळ करून लावला की आकडा वाढतो. विरळ केल्यावर आकडा वाढणे एरवी अशक्य असल्याने हीच त्याची खात्रीची खूण. नमुना आणि खुणेची अँटिबॉडी एकदमच घालण्याऐवजी मध्ये एक वॉश दिला तर हा धोका बराच कमी होतो.

७. टायटर १:८० वरून १:१६० झाला. आजार वाढला का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. टायटर म्हणजे जिथवर रिॲक्शन स्पष्ट दिसते ते शेवटचे डायल्यूशन. ट्यूब दुपटीने विरळ होत जातात, त्यामुळे एका ट्यूबचा फरक हा मोजमापातला नेहमीचा चढउतार मानतात. अर्थपूर्ण वाढ म्हणजे चौपट किंवा त्याहून जास्त, म्हणजे किमान दोन ट्यूब. त्यासाठी आजाराच्या सुरुवातीचा आणि साधारण १० ते १४ दिवसांनंतरचा असे दोन नमुने लागतात आणि ते दोन्ही एकाच दिवशी, एकाच लॉटच्या अभिकर्मकाने, शेजारी शेजारी लावायचे. पहिला आकडा जुन्या रजिस्टरमधून उचलून दुसऱ्याशी ताडला तर त्याला फारसा अर्थ राहत नाही.

एक बारीक खाच: १:८० च्या सिरममध्ये तेवढाच अँटिजेन घातला की ट्यूबमधले अंतिम डायल्यूशन १:१६० होते. आधीचे लिहायचे की नंतरचे, हे किट ठरवते. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत बरोबर दुपटीचा फरक दिसला तर आधी हे विचारा.

८. आयजीएम आणि आयजीजी वेगळ्या का तपासतात? आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे नवा संसर्ग हे नक्की का?

नव्या संसर्गात साधारणपणे आयजीएम आधी येते, आयजीजी मागून येऊन टिकते. ढोबळ नियम म्हणून हे ठीक आहे, नक्की म्हणून नाही. काही संसर्गांत आयजीएम कित्येक महिने रेंगाळते. अशा वेळी आयजीजीची अॅव्हिडिटी पाहतात. नव्या संसर्गात ती सैल असते, जुन्यात घट्ट होते.

आयजीएमच्या एलायझात (एंझाइमची खूण बांधून रंग पाहणारी चाचणी) आणखी एक सापळा आहे. आरए फॅक्टर ही बहुतेक वेळा आयजीएम जातीचीच अँटिबॉडी असते आणि ती आयजीजीला पकडते. प्लेटवर रुग्णाची जुनी आयजीजी बसली, तिच्यावर आरए फॅक्टर बसला, की किटला आयजीएम सापडल्यासारखे वाटते. म्हणून नमुन्यातली आयजीजी आधी काढून टाकतात, किंवा प्लेटवर आधी आयजीएम पकडून मग ती कोणाविरुद्ध आहे ते पाहतात.

नवजात बाळाच्या बाबतीत आयजीजी निरुपयोगी ठरते, कारण ती आईकडून नाळेतून आलेली असते. आयजीएम नाळ ओलांडत नाही. आईला एचआयव्ही असेल तर बाळाची अँटिबॉडी चाचणी वयाच्या १८ महिन्यांपर्यंत आईच्याच अँटिबॉडीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे विषाणूचे जनुकद्रव्य शोधणारी पीसीआर लागते.

९. खोलीचे तापमान, ३७ अंश, साधे सलाइन, लिस (कमी क्षारांचे सलाइन)... याने खरेच फरक पडतो का?

पडतो. रक्तगटांच्या आयजीएम अँटिबॉडी थंडाव्यात जास्त जोमदार असतात, आयजीजी ३७ अंश सेल्सिअसला. लाल पेशींवर ऋण भार असतो, म्हणून सलाइनमध्ये त्या एकमेकींपासून अंतर राखून राहतात. आयजीएमचा आवाका मोठा असल्याने ते अंतर ती सहज ओलांडते. आयजीजी पेशीला धरते, पण शेजारच्या पेशीपर्यंत तिचा दुसरा हात सहसा पोहोचत नाही. बंध जुळला, दिसला नाही. लिसमध्ये क्षार कमी असल्याने अँटिबॉडी पेशींवर लवकर चढते. पण लिसमधल्या पेशींना सिरमचे ठरलेले प्रमाण चुकवून 'आणखी दोन थेंब' घातले की क्षार वाढतात आणि लिसचा फायदा संपतो. पीएच सातच्या आसपास हवा. जुने, उघडे पडलेले सलाइन वापरू नये.

१०. कूम्ब्स चाचणीत आणखी एक अँटिबॉडी कशाला? आणि धुण्यावर एवढा जोर का?

प्रश्न ९ मध्ये पाहिलेली आयजीजी पेशींवर बसून आहे, पण गोळे करू शकत नाही. कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी १९४५ मध्ये उपाय दिला: मानवी आयजीजीलाच पकडणारी अँटिबॉडी घाला, ती पूल बांधेल. शरीरातच पेशींवर अँटिबॉडी चढली आहे का हे पाहायचे तर थेट चाचणी, सिरममध्ये ती आहे का हे पाहायचे तर अप्रत्यक्ष.

धुणे यासाठी, की सिरममध्ये कशालाही न चिकटलेली आयजीजी भरपूर असते. तिचा अंशही मागे राहिला तर तुमचा अभिकर्मक तिलाच पकडून संपतो आणि पेशींसाठी काही उरत नाही. चाचणी खोटी निगेटिव्ह येते, तीही दिसायला अगदी स्वच्छ. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये शेवटी आयजीजी चढवलेल्या चेक पेशी घालतात. त्यांचे गोळे झाले तर अभिकर्मक शिल्लक होता. झाले नाहीत तर ती चाचणी बाद, पुन्हा पहिल्यापासून.

थेट चाचणीसाठी ईडीटीएमधले रक्त घेतात. ईडीटीए कॅल्शिअम बांधून ठेवते, त्यामुळे नळीत नव्याने कॉम्प्लिमेंट पेशींवर चढत नाही.

११. एलायझात गडद रंग म्हणजे पॉझिटिव्ह ना?

प्रकार कोणता यावर आहे. अप्रत्यक्ष एलायझा रुग्णाची अँटिबॉडी शोधते, सँडविच अँटिजेन शोधते, आणि दोन्हींत रंग गडद म्हणजे प्रमाण जास्त. स्पर्धात्मक एलायझात उलटे असते: नमुन्यातला अँटिजेन आणि खूण बांधलेला अँटिजेन एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून नमुन्यात जितका जास्त तितका रंग फिका. छोट्या रेणूंसाठी, उदाहरणार्थ थायरॉक्सिन किंवा कॉर्टिसॉल, हाच प्रकार लागतो, कारण एवढ्याशा रेणूवर दोन अँटिबॉडींना एकदम बसायला जागा नसते.

१२. निगेटिव्ह कंट्रोललाही रंग येतो. कुठे पाहू?

आधी वॉश. वॉशरची एखादी सुई तुंबली असेल तर एकाच ओळीत रंग दिसेल, सगळीकडे असेल तर वॉश बफर किंवा ब्लॉकिंग (प्लेटवरच्या रिकाम्या जागा झाकणे) तपासा. सबस्ट्रेट (एंझाइम ज्याला रंग आणते ते द्रावण) बाटलीतच निळसर दिसत असेल तर तो उजेडाने किंवा एंझाइमच्या थेंबाने बिघडला आहे, फेकून द्या. फक्त कडेच्या वेल (प्लेटमधले खळगे) गडद असतील तर प्लेट सगळीकडे सारखी तापलेली नाही. फ्रिजमधून काढलेली प्लेट खोलीच्या तापमानाला न आणता इन्क्युबेटरमध्ये गेली की असे होते.

उलटी तक्रारही येते: पॉझिटिव्ह कंट्रोललासुद्धा रंग नाही. तेव्हा बफरमध्ये सोडिअम ॲझाइड आहे का ते पाहा. बुरशी-जंतू लागू नयेत म्हणून ते घालतात, पण ते हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज या एंझाइमला बंद पाडते.

१३. रॅपिड स्ट्रिपवर अगदी फिकट रेघ आहे. पॉझिटिव्ह धरायची का?

ठरलेल्या वेळेत आली असेल तर फिकट रेघही पॉझिटिव्ह. वेळ उलटून गेल्यावर वाळताना उमटलेली रेघ मोजायची नाही. अमली पदार्थांच्या बहुतेक स्ट्रिप स्पर्धात्मक असतात (प्रश्न ११), तिथे रेघ दिसणे म्हणजे निगेटिव्ह.

कंट्रोल रेघेकडून लोक फार अपेक्षा करतात. द्रव शेवटपर्यंत पोहोचला आणि सोन्याच्या कणांवरची अँटिबॉडी काम करते आहे, एवढेच ती सांगते. नमुना योग्य होता का, पुरेसा होता का, हे ती सांगत नाही. बऱ्याच स्ट्रिपवर नुसता बफर टाकला तरी ती रेघ येते.

१४. अँटिजेनची चाचणी करू की अँटिबॉडीची?

आजाराचा कितवा दिवस आहे हे आधी विचारा. डेंग्यूत एनएस१ अँटिजेन तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण आठवडाभर सापडतो, तर आयजीएम चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसू लागते. दुसऱ्या दिवशी फक्त आयजीएम केली तर निगेटिव्ह रिपोर्टला काही किंमत नाही. एचआयव्हीच्या चौथ्या पिढीच्या चाचण्या पी२४ अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही एकदम शोधतात, त्यामुळे विंडो पीरियड (संसर्ग झाला पण चाचणीत दिसत नाही तो काळ) कमी होतो, शून्य होत नाही.

हिपॅटायटिस बीमध्ये दोन्हींची गरज सर्वात चांगली कळते. एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागाचा अँटिजेन) पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू शरीरात आहे (अपवाद प्रश्न २० मध्ये). अँटी-एचबीएस (त्याविरुद्धची अँटिबॉडी) म्हणजे संरक्षण आहे. ते लसीचे की बरे झालेल्या आजाराचे, हे अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी) सांगते, कारण लसीत गाभ्याचा अँटिजेन नसतो. आणि एचबीएसएजी गेला पण अँटी-एचबीएस अजून आली नाही अशा मधल्या काळात केवळ अँटी-एचबीसीच सापडू शकते.

१५. एकच नमुना, दोन किट, दोन रिपोर्ट. खोटे कोण?

कदाचित कोणीच नाही. दोन किट वेगवेगळे एपिटोप शोधत असतील, एक फक्त आयजीजी पाहत असेल आणि दुसरे सगळे वर्ग. आकडा कटऑफच्या (पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधल्या सीमेच्या) अगदी जवळ असेल तर तो ग्रे झोन, तिथे काही दिवसांनी नवा नमुना घेणे हेच शहाणपण.

१६. क्रॉस रिॲक्शन हा नेहमी दोषच असतो का?

नाही, काही चाचण्या तर तिच्यावरच उभ्या आहेत. १९१६ ची वाइल-फेलिक्स चाचणी रिकेट्सियाच्या अँटिबॉडी शोधण्यासाठी प्रोटिअस या भलत्याच जंतूचे ओएक्स प्रकार वापरते. १९३२ च्या पॉल-बनेल चाचणीत ग्रंथीज्वराच्या रुग्णाचे सिरम मेंढीच्या लाल पेशींचे गोळे करते. व्हीडीआरएलचा अँटिजेन कार्डिओलिपिन हा स्निग्ध पदार्थ असतो, जंतूचा नव्हेच. म्हणून ल्युपस, गरोदरपण, काही विषाणूजन्य आजार यांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि ट्रेपोनेमाच्या खास चाचणीने पडताळावी लागते. त्रास होतो तो डेंग्यू आणि झिकासारख्या एकाच कुळातल्या विषाणूंच्या अँटिबॉडी वेगळ्या ओळखताना.

१७. कंट्रोल बरोबर आले. मग रिपोर्ट बरोबरच ना?

कंट्रोल हे अभिकर्मक आणि पद्धत तपासतात. या रुग्णाच्या नमुन्यात काय खास आहे हे त्यांना कळत नाही. काहींच्या रक्तात प्राण्यांच्या अँटिबॉडींना पकडणाऱ्या अँटिबॉडी असतात. सँडविच किटमधल्या दोन्ही अँटिबॉडी उंदराच्या असतील तर या त्यांच्यात अँटिजेनशिवायच पूल बांधतात. रक्तात एचसीजी सापडते, लघवीत नाही, अशा वेळी हा संशय घ्यावा, कारण या मोठ्या अँटिबॉडी लघवीत उतरत नाहीत. नमुना विरळ केल्यावर आकडा त्या प्रमाणात न उतरणे हीदेखील खूण.

केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांचे वेगळेच. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनवर चालणाऱ्या किटमध्ये ते सँडविच चाचणीचा आकडा खोटा कमी आणि स्पर्धात्मक चाचणीचा खोटा जास्त दाखवते. टीएसएच कमी, टी४ जास्त, रुग्ण मात्र ठणठणीत, असा थायरॉइडचा रिपोर्ट दिसला की गोळ्यांची चौकशी करा.

१८. किटची संवेदनशीलता (आजारी ओळखण्याची) आणि विशिष्टता (निरोगी ओळखण्याची) दोन्ही ९८ टक्के. मग पॉझिटिव्ह रिपोर्ट ९८ टक्के खरा?

नाही. १०,००० माणसे घ्या, आजार १ टक्का लोकांना, म्हणजे १०० जणांना. त्यांतले ९८ पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९,९०० निरोगींपैकी २ टक्के, म्हणजे १९८ खोटे पॉझिटिव्ह. एकूण २९६ पॉझिटिव्हमध्ये खरे ९८, म्हणजे साधारण ३३ टक्के. तेच किट निम्म्या लोकांना आजार असलेल्या गटात वापरले तर पॉझिटिव्ह ९८ टक्के वेळा खरा ठरेल. किट तेच, माणसे वेगळी. म्हणून चाळणीच्या चाचणीनंतर दुसऱ्या तत्त्वावरची चाचणी लावतात.

१९. सिरम ५६ अंशांवर ३० मिनिटे का तापवतात? आणि साठवायचे कसे?

तापवतात ते कॉम्प्लिमेंट निकामी करण्यासाठी. व्हीडीआरएलला ते लागते, आरपीआरच्या अभिकर्मकात कोलीन क्लोराइड असल्यामुळे तिथे लागत नाही. साठवण काही दिवसांची असेल तर २ ते ८ अंश, त्याहून जास्त असेल तर उणे २० किंवा खाली. पुन्हा पुन्हा गोठवणे-वितळवणे टाळण्यासाठी आधीच छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, आणि वितळल्यावर हलक्या हाताने मिसळा, नाहीतर वरचा थर पाणचट आणि खालचा घट्ट राहतो.

२०. हिपॅटायटिस बीची लस घेतली आणि लगेच एचबीएसएजी पॉझिटिव्ह आले. लसीने आजार झाला का?

नाही. लसीत एचबीएसएजीच असतो आणि टोचल्यानंतर काही दिवस तो रक्तात सापडू शकतो. काही आठवड्यांनी नवा नमुना द्या. तसेच नुकतेच रक्त चढवलेल्या किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या रुग्णात सापडलेली अँटिबॉडी दात्याची असू शकते. ही माहिती नळीवर कुठेच लिहिलेली नसते, त्यामुळे नमुना घेतानाच विचारून मागणीपत्रावर नोंदवा.